बायकोने पाहिलेला सिनेमा

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. लोकांना शेजाऱ्याच्या गाडीचा वाटतो, मेहुण्याच्या दुकानाचा वाटतो. मला घरातच वाटतो, त्यासाठी बाहेर जायचेही कष्ट नाहीत. ती सिनेमाला येऊन बसली की माझ्या पोटात दुखायला लागतं. दिवे जातात, ती मांडीवरची पिशवी नीट धरते, समोर बघायला लागते, आणि तिला काही म्हणजे काही माहीत नसतं. कोणी काढलाय, कुठल्या देशातला आहे, हसायचं आहे की रडायचं, शेवटी कोण मरणार आहे, काही नाही. शेजारी मी बसलेला असतो आणि मला सगळं माहीत असतं.

तिचं हे अज्ञान साधंसुधं नाही. त्यामागे तिच्या माहेरचा नियम आहे. माहेर भाईंदर पश्चिमेला, पूर्वीचे मिठागरवाले आणि भातशेतीवाले. आता एक भाऊ रेती-सिमेंटच्या धंद्यात आहे आणि दुसरा बँकेत. त्या घरात बाकी सगळं चालतं, पण बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारलेलं चालत नाही. आमच्या गिरगावातही असं म्हणायचे, पण तोंडदेखलं. ह्यांच्याकडे कोणी विचारलंच, तर निघालेला माणूस परत आत येतो, चपला काढतो, टेकतो, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी पितो आणि नव्याने निघतो. साखरपुडा झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा होणारे सासरे छत्री घेऊन बाहेर पडत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, ‘‘कुठे निघालात?’’ सासूबाई गूळ आणायला आत गेल्या. सासरे परत आले, बसले, पाणी प्यायले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठले. मी इतका गडबडलो होतो की ते दारात पोचताच सावरून घ्यायला म्हणालो, ‘‘म्हणजे लांब जायचंय का?’’ सासरे पुन्हा परत आले. दुसऱ्यांदा गूळ आणायला सासूबाई आत गेल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं की जावई त्यांच्या मनातून उतरला आहे.

माझ्या बायकोने हा नियम सासरी आणताना आणखी ताणला. दुसऱ्याला विचारायचं नाही एवढ्यावर ती थांबली नाही; आपल्याला कुठे नेतायत हेही ती विचारत नाही. ‘‘गेल्यावर कळतंच की,’’ म्हणते. मी नुसतं ‘‘चारला निघायचंय’’ म्हणायचं, ती चारला तयार. त्यामुळे तिची एक पिशवी कायमची भरलेली असते. तीत नारळ, हळदकुंकवाची डबी, एक खण, एक शाल, बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली. देवळात नेलं तर नारळ, बारशाला नेलं तर खण, हॉस्पिटलात नेलं तर बिस्किटं. सिनेमाला नेलं तर ह्यातलं काहीच लागत नाही आणि तो नारळ सबंध सिनेमाभर तिच्या मांडीवर असतो. मॉलच्या दारात तपासणी करणाऱ्या बाईने तो कितीदा तरी हलवून बघितला आहे.

लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा सिनेमाला नेलं ते मुंबईत, आमच्या फिल्म सोसायटीच्या खेळाला. मी तेव्हा त्या सोसायटीचा फार निष्ठावंत सभासद होतो. बर्फाळ मुलखातला सिनेमा होता. घरात खायला उरलं नाही म्हणून एक म्हातारा आपला घोडा विकायला दूरच्या बाजाराला निघतो आणि वाटेत घोडा मरतो, एवढीच गोष्ट. सोसायटीचं माहितीपत्रक टपालाने आधीच घरी यायचं आणि त्यात हे सगळं लिहिलेलं असायचं, घोडा का मरतो ह्यासकट. पडद्यावर घोड्याचा पाय बर्फावरून घसरला तेव्हा बायकोने माझं मनगट घट्ट धरलं आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘ऊठ रं, ऊठ बाबा.’’ पुढच्या रांगेतले दाढीवाले वळून बघायला लागले. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण लाज ओसरल्यावर जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. तिच्यासाठी तो घोडा उठू शकत होता. माझ्यासाठी तो माहितीपत्रक आलं त्याच दिवशी मेला होता.

मी असा वाचनाने झालो. तरुणपणी ज्या सिनेमांविषयी ऐकायचो ते बघायला मिळायचे नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी वाचायचो. फुटपाथवरची जुनी इंग्रजी मासिकं, पटकथांची पुस्तकं, मुलाखती, जे मिळेल ते. प्रत्यक्ष बघायला मिळेपर्यंत सिनेमा पाठ झालेला असायचा. मग थिएटरात बसून मी काय करायचो, तर हजेरी घ्यायचो. तो आरशातला शॉट आला, हजर. ती दारातली सावली, हजर. शेवटचं ते अर्धवट हसू, हजर. सगळे आले ह्याचं समाधान घेऊन घरी यायचो आणि त्यालाच आनंद म्हणायचो.

सिनेमा बघून परतताना मी बायकोला रिक्षात समजावून सांगत असे. तू जे पाहिलंस त्याचा अर्थ काय, तू जिथे रडलीस तिथे का रडलीस, दिग्दर्शकाने तुला रडवण्यासाठी काय काय केलं. ती मान डोलवायची. मीरा रोड स्टेशनपासून सिल्व्हर पार्कला आमच्या घरापर्यंतचा रस्ता तेव्हा आतासारखा तुंबलेला नसायचा, त्यामुळे अर्थ पुरा व्हायच्या आत घर यायचं आणि उरलेला मी जिना चढता चढता सांगायचो. तिला बिचारीला कळावं म्हणून मी हे करतो, असं मी तेव्हा लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तिच्या हाती जे लागलं होतं त्याच्यावर आपलाही हात फिरला पाहिजे, एवढीच माझी धडपड होती.

त्यातून तिला सिनेमाची गोष्ट सांगायची भारी हौस. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती शेजारीण राहते. माझी बायको तिला बेन म्हणते आणि ती हिला भाभी. तो घोड्याचा सिनेमा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी हिने तो बेनला दारात उभ्या उभ्या सांगितला. मी आत पेपर वाचत होतो.

‘‘एक औरत थी, बेन. उसका आदमी घोडा खरीदनेवाला था. तो वो सुबह से तबेला साफ करके बैठी. घास डाला, पानी रखा. और घोडा आयाच नहीं.’’

मी पेपर खाली ठेवला. घोडा विकत घेणाऱ्याची बायको? ती सिनेमात होती तरी कधी? मी माहितीपत्रक काढून पुन्हा वाचलं. तिचा उल्लेखही नव्हता. बाहेर बेन डोळे पुसत होती.

हे दर वेळी व्हायला लागलं. सिनेमा कोणाविषयी आहे हे हिला कोणी सांगितलेलं नसायचं, म्हणून ही आपल्याला आवडेल तो माणूस धरायची आणि शेवटपर्यंत त्याच्यामागे जायची. राजाच्या सिनेमात हिने राजाचं जेवण आधी चाखून बघणारा धरला. एका थोर संगीतकारावरच्या सिनेमात हिला त्याच्या खालच्या मजल्यावरचं जोडपं दिसलं, ज्यांना दिवसरात्र तो पियानो ऐकावा लागत होता. ‘‘त्यांच्या घरात तान्हं होतं हो,’’ हिने मला सांगितलं. मी तान्हं बघितलं नव्हतं. मी त्या संगीतकाराच्या हातांकडे बघत होतो, कारण त्या हातांविषयी मी वाचलेलं होतं. आम्ही शेजारी शेजारी बसून दोन निराळे सिनेमे बघून यायचो, तिचा कोरा करकरीत असायचा आणि माझा वापरलेला. माझा जळफळाट व्हायचा.

मी उपाय केले नाहीत असं नाही. एकदा एका मित्राला म्हटलं, मला कुठलाही सिनेमा दाखव, फक्त नाव सांगू नकोस. नावं येऊन जाईपर्यंत डोळे मिटून बसलो. डोळे उघडले, पहिलाच शॉट, नुसते ढग, आणि त्या ढगांवरून ओळखलं कोणाचा आहे ते. उरलेला वेळ हा त्याचा सुरुवातीचा की नंतरचा, हे ठरवण्यात गेला. आता तर मोबाईल आहे. घरी टीव्हीवर सिनेमा लावायचा म्हटलं की माझा अंगठा मला न विचारता त्याचं नाव शोधायला लागतो. बायको शेजारी बसून बघत असते. ‘‘पोथी वाचून झाली का?’’ म्हणते. ‘‘मग दिवे घालवते.’’

एक सिनेमा मात्र मी तिला कधी दाखवला नाही.

गोष्ट साधी आहे. एक शाळामास्तर तुरुंगातून सुटतो आणि एका लहानशा गावात येऊन राहतो, कारण त्याची मुलगी कधीतरी त्या गावच्या बसने येईल असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. तो रोज थांब्यावर जाऊन उभा राहतो. मुलगी येत नाही. शेवटी एक दिवस तो स्वतःच त्या बसमध्ये चढतो, मागच्या काचेतून गाव लहान लहान होत जातं आणि सिनेमा संपतो. त्याची पटकथा मी कॉलेजात असताना वाचली. थांब्यावर उभं राहण्याचा तो लांबलचक शॉट मला बघण्याआधी तोंडपाठ होता. त्या मास्तरच्या काळ्या कोटाला एकच बटण पांढरं आहे. नुसत्या त्या बटणावर मी दोनतीन लेख वाचलेत आणि एक लिहिलाय. पांढरं बटण म्हणजे समाजात परत न मिसळू शकणारा माणूस, असं मी लिहिलं होतं. पुढे सिनेमा बघायला मिळाला. तीनदा बघितला. तिन्ही वेळा हजेरी पूर्ण भरली आणि तिन्ही वेळा माझे डोळे कोरडे राहिले.

हा तिला दाखवायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ती येणार, नारळ मांडीवर घेऊन बसणार, आणि मुलगी आता येईल, पुढच्या बसने येईल, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहणार. मला ते एकदाही वाटलं नव्हतं. बाकीचे सगळे सिनेमे तिने खुशाल घ्यावेत, हा एक माझा राहू दे. घरात त्याची डिस्क होती. ती मी कपाटात जुन्या चादरींच्या खाली ठेवली होती, लोक जशा भलत्या गोष्टी ठेवतात तशी.

मागच्या हिवाळ्यात मीरा रोडच्या एका मॉलमधल्या थिएटरने जुने नावाजलेले सिनेमे लावायला सुरुवात केली. दुपारचा एकच खेळ, तोही आठवड्याच्या मधल्याच कुठल्या तरी वारी. एक दिवस मोबाईलवर माझ्या त्या सिनेमाचं पोस्टर दिसलं. मोठ्या पडद्यावर तो पुन्हा बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिकीट काढलं, एकच. ज्या घरात कोणी कोणाला ‘कुठे’ विचारत नाही, त्या घरातून गुपचूप सिनेमाला जाण्यासारखी सोपी गोष्ट नाही. मी ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवशी जेवण झालं, मी शर्ट बदलला आणि चपला शोधत बाहेरच्या खोलीत आलो, तर बायको साडी बदलून, पिशवी घेऊन दारात उभी. मागे बेन.

‘‘गॅसवाला येणार आहे आज,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्ही घरीच थांबा. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येईल.’’ मग माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘शर्ट का बदललात?’’

‘‘असाच.’’

‘‘चलो भाभी, लेट हो जाएगा,’’ बेन म्हणाली.

मला बाहेर जायचंय असं म्हणालो असतो, तर बायकोने काही विचारलं नसतं. पण बेनने विचारलं असतं, त्यांच्यात विचारलेलं चालतं. मी चपला शोधायचं सोडून खुर्चीत बसलो. आणि त्या दोघी कुठे चालल्यात हे मीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला तेवढं वळण लागलेलं आहे.

दुपारभर मी गॅसवाल्याची वाट बघत हात चोळत बसलो. घड्याळाकडे बघून मनातल्या मनात सिनेमा चालवत होतो. आता नावं येत असतील, आता तो गावात उतरला असेल. शेवटची बस सुटायच्या सुमाराला बेल वाजली आणि सिलिंडर आला. मी ओटीपी सांगितला. चडफडत होतो, पण एका गोष्टीचं बरं वाटत होतं. मला नाही मिळाला, पण तिलाही मिळालेला नव्हता.

बायको परत आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आल्या आल्या तिने चपला काढल्या आणि पिशवी मांडीवर तशीच घेऊन खुर्चीत बसली. नाक लाल झालेलं, डोळे सुजलेले. मला वाटलं, कोणा आजारी माणसाला बघून आल्या असतील, नाहीतर मयताला गेल्या असतील. विचारण्याची सोय नव्हती. मी आतून तिला पाणी आणून दिलं आणि समोर बसलो.

‘‘एक बाई हाय,’’ ती म्हणाली.

हाय आणि न्हाय तिच्या तोंडी दोनच वेळा येतं, एक माहेरी गेली की आणि एक आतून हलली की. मी सावरून बसलो.

‘‘एकटीच हाय. डोंगराच्या अंगाला घर हाय तिचं. नवरा गेला, मूलबाळ न्हाय. एक कोंबडी हाय.’’

भाईंदरपलीकडे उत्तनच्या बाजूला बेनच्या ओळखीचं कोणीतरी राहतं हे मला माहीत होतं. तिथल्या डोंगरी गावाकडे अजून अशी घरं आहेत, अंगणात कोंबड्या आहेत. तिकडेच गेल्या असणार, बसने गेल्या असणार, म्हणून वेळ लागला. मी म्हटलं, ‘‘बरं, मग?’’

‘‘तिच्या घरात एक खोली रिकामी. ती भाड्याने द्यायची ठरवली. तर एक माणूस आला. हातात एक पिशवी, बस.’’

‘‘भाडेकरार केला का?’’

‘‘न्हाय.’’

‘‘पोलिसांकडे नाव दिलं? आता ते द्यावं लागतं.’’

‘‘न्हाय हो. दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि ये म्हणाली.’’

‘‘चूक केली,’’ मी म्हणालो. ‘‘काय करतो काय हा माणूस?’’

‘‘काय न्हाय करत. सकाळी बाहेर जातो, संध्याकाळी येतो.’’

‘‘कुठे जातो?’’

‘‘ते तिने विचारलं न्हाय.’’

बाई माहेरकडची दिसते, मी मनात म्हटलं. पण मला तिची काळजी वाटायला लागली. एकटी बाई, डोंगरात घर, आणि हा असा काही न सांगणारा माणूस. बायको सांगत होती. ती बाई रोज दोन ताटं वाढते. तो जेवतो, पण ताटाकडे बघत नाही आणि तिच्याकडेही बघत नाही, खिडकीबाहेर बघत असतो. ती त्याचं पाणी तापवून ठेवते. त्याला थंडी वाजते म्हणून आपली गोधडी त्याच्या खोलीत नेऊन ठेवते आणि स्वतः अंगावर पोतं घेऊन निजते. एक दिवस गावातल्या बायका तिला येऊन सांगतात, हा जेलमधून सुटून आलाय.

‘‘बघ,’’ मी म्हणालो. ‘‘तरी मी म्हणत होतो. मग काढला की नाही घराबाहेर?’’

‘‘ती काय न्हाय बोलली. त्या बायका गेल्या. संध्याकाळी तिने त्याच्या ताटात एक अंडं जास्त वाढलं.’’

मला तो माणूस घरात नको होता आणि आता तो जाऊ नये असंही वाटायला लागलं होतं. दिवे लावायचे राहिले होते, आमच्या दोघांच्याही लक्षात नव्हतं. ‘‘मग?’’ मी म्हणालो. कितीतरी वर्षांत मी कोणाला असं ‘मग’ म्हटलं नव्हतं.

‘‘मग एकदा तो दुपारचा झोपला होता. कोट खुंटीला लावलेला. ती झाडू मारायला गेली, तर कोटाचं एक बटण तुटलेलं. घरात बटण न्हाय. तर तिने काय केलं, आपला एक ठेवणीतला झगा काढला, त्याचं बटण कापलं आणि त्या कोटाला लावून दिलं. कोट काळा आणि बटण पांढरं. जागा झाला, घातला कोट आणि गेला. त्याने बघितलंपण न्हाय.’’

मी तिच्याकडे बघत राहिलो.

बेनची मुलगी कॉलेजात सिनेमाचा अभ्यास करते, तिने दोन तिकिटं काढली होती, तिला ऐन वेळी जाता आलं नाही म्हणून ती तिकिटं आईच्या हाती आली, हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी गॅससाठी घरात अडकलो होतो आणि ही माझ्या सिनेमाला जाऊन आली होती. अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं चादरींखाली लपवलेली गोष्ट हिने एका दुपारी, काही न विचारता, सहज उचलून आणली होती. ओरडून सांगावंसं वाटलं की तो माझा आहे. आणि त्या रागातच दुसरंही लक्षात आलं. इतका वेळ मीही तोच बघत होतो आणि मला काही माहीत नव्हतं. बाई त्याला ठेवते की घालवते हे मला खरोखर माहीत नव्हतं, आणि ते कळावं म्हणून मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो.

‘‘तुम्ही बघितला असेल ना हो हा पिक्चर?’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सगळे बघितलेत.’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी नाही बघितलेला. सांग, मग?’’

तिचा चेहरा खुलला. मी न बघितलेला सिनेमा मला सांगायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिने पिशवी खाली ठेवली.

‘‘मग मधे तो नुसता उभा असलेला दाखवलाय रस्त्यात. बराच वेळ. बेन झोपून गेली. मी आपली बघत होते ही बाई कधी दिसते. हिने आज काय रांधलं असेल, चूल पेटली असेल का, असलंच मनात येत होतं.’’

त्या शॉटवर जगातल्या मोठमोठ्या माणसांनी लिहिलं आहे. आता माझी गत पहिल्यासारखी झाली होती. मला पुढचं माहीत होतं. मला बस दिसायला लागली, तिची मागची काच दिसायला लागली. मी तिचं ऐकत होतो आणि पुन्हा हजेरी घेत होतो. कोरा सिनेमा मला अर्धाच मिळाला, तोही कळायच्या आत संपला.

‘‘मग एक दिवस त्याने पिशवी भरली,’’ ती म्हणाली. ‘‘कोट घातला. तिला कळलं ना. ती दारात येऊन उभी राहिली. तो तिच्या पुढून गेला. आणि तिने विचारलं न्हाय हो.’’

‘‘काय?’’

‘‘कुठे चाललात म्हणून. विचारलं न्हाय. विचारलं असतं तर तो परत आला असता, टेकला असता, पाणी प्यायला असता.’’ तिने पदराने नाक पुसलं. ‘‘एवढं एकच विचारायचं होतं. मी तिथे बसून म्हणत होते, विचार गं बाई, आज तरी विचार.’’

मी तो शेवट तीनदा बघितलेला होता. त्यात बाईने काही विचारायचं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

‘‘मग ती रडली?’’

‘‘ती न्हाय रडली. मी रडले.’’

‘‘का?’’

‘‘ते तुम्ही असतात तर रिक्षात सांगितलं असतंत,’’ ती म्हणाली. चेष्टेने म्हणाली की खरंच म्हणाली हे मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. ती उठली, दिवा लावला आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने हाक मारली तेव्हा टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. मी ताटाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. बघण्यासारखं काही विशेष नव्हतं, नाक अजून लाल होतं.

आम्ही जेवायला लागलो. मला एक गोष्ट राहून राहून टोचत होती.

‘‘आणि ती कोंबडी?’’ मी विचारलं. ‘‘कोंबडीचं काय झालं?’’

‘‘ती शेवटी त्याच्या खोलीत जाऊन बसली. पलंगावर. तो दार उघडंच टाकून गेला होता ना.’’

‘‘दाखवलंय तसं?’’

‘‘दाखवलंय की. बाई दारात उभी असते तेव्हा मागे दिसते. पंख असे पसरून बसलेली.’’ तिने मला भात वाढला. ‘‘बटणाकडे बघत बसलात तर न्हाय दिसणार.’’

मी मान खाली घालून भात कालवला. हा सिनेमा मला बघायचा होता.